कॅमेरा कुठे ठेवलास?

अंधेरी,
३ फेब्रुवारी २०२३

प्रिय उर्सुलामावशी,

परवा फोन केला तेव्हा तू तीनदा "काय?" म्हणालीस आणि चौथ्यांदा मीच ठेवून दिला. तुझ्या कानांशी भांडण्यापेक्षा पत्र बरं. आणि तसंही सिनेमाबद्दल आपण होस्टेलच्या दिवसांपासून पत्रातच बोलतो. तू समोर बसून काही सांगितलंस तर मला ते तुझं मत वाटणारच नाही.

बातमी अशी, की सिनेमा लागतोय. 'नवरदेव हजर', सतरा तारखेला. 'सामायिक बेल'नंतर पाच वर्षांनी पडद्यावर माझं नाव येईल, लेखक आणि दिग्दर्शक म्हणून. विनोदी आहे. आधीच सांगून ठेवतो, हा सगळ्यांसाठीचा सिनेमा आहे. दोन म्हातारे एका बेलवरून भांडतात आणि शेवटी दोघंही दार उघडून नुसते उभे राहतात, असलं यात काही नाही. ते तुला आवडलं होतं. नालासोपाऱ्याच्या थिएटरात तेव्हा आपल्या घरचीच माणसं बसली होती. तेवढ्या कौतुकावर माणूस किती वर्षं काढणार?

प्रीमियरला ये. पास एकच मिळतोय, त्यामुळे मामाला आणू नकोस. गर्दी असते, ताटकळत उभं राहावं लागतं, त्यात त्याचा गुडघा. त्याला मी नंतर निवांत दाखवेन.

पेनड्राइव्हवर पाठवलेले सिनेमे पाहिलेस का? मतं कळव. सौम्य लिही, सध्या मी हळवा झालोय.

तुझा,
रेमंड


राजोडी,
६ मार्च २०२३

प्रिय रेमंड,

प्रीमियरला येता आलं नाही. शेजारच्या रीटाबाई त्याच दिवशी गेल्या.

आधी पेनड्राइव्हबद्दल. साडी नेसलेल्या पुरुषाचा सिनेमा मी अर्ध्यात बंद केला. पुरुषाने साडी नेसली की आपले लोक हसतात, म्हणून लेखकाने पुढे काही लिहिलेलंच नाही. गोव्याला गेलेल्या मित्रांचा सिनेमा लोकांनी डोक्यावर घेतला म्हणे. त्यातही कॅथलिक माणूस आला की हातात बाटली. जन्मभर मी हेच बघते आहे. माझे वडील चहासुद्धा अर्धा कप घ्यायचे, त्यांच्यावर कोणी सिनेमा काढला नाही.

न्हाव्याचा तो जुना सिनेमा मात्र मी पुन्हा पाहिला. न्हाव्याची नजर गेली आहे, हे त्याला कळू नये म्हणून सगळं गाव गालावर कापून घेतं आणि "झकास झाली हो दाढी" म्हणतं. मी खूप हसले. तुला ठाऊक आहे, विनोदी सिनेमा पाहताना मी कानातलं यंत्र काढून ठेवते. आवाज गेल्यावर जे उरतं तोच विनोद. त्या सिनेमात सगळं उरतं. तो लागला तेव्हा आठवडाभरही टिकला नव्हता.

आता तुझा. उपवासकाळात मी सिनेमा पाहत नाही, पण तुझा म्हणून नियम मोडला. शनिवारी विरारला गेलो. गेलो म्हणजे तुझा मामा सॅन्टनही आला. "पोराचा सिनेमा हाय, गुडघ्याला काय विचारायचं," म्हणाला. नवा शर्ट घातला होता.

तू मला आधी सांगायला हवं होतंस, रेमंड.

सूट घातलेला नवरदेव चर्चच्या दारात उभा. नवरी दुसऱ्याबरोबर निघून गेलेली. नवरीचा बाप तोंड लपवायला बँडच्या मोठ्या ढोलात शिरतो. नवरदेव बँडवाल्यांना ओरडून सांगतो, "वाजवा रं! जेवान थंड होतंय!" आणि एकटाच नाचत मांडवाकडे जातो. ही बोली कुठल्या गावची? आमच्याकडे असं कोणी बोलत नाही.

यंत्र काढलेलं होतं, त्यामुळे हसणं मला ऐकू आलं नाही. पुढच्या रांगेतले खांदे हलताना दिसले. मी सॅन्टनकडे पाहिलं. तोही हसत होता, सगळ्यांचं हसून झाल्यानंतर थोडा वेळ. घरी येताना रिक्षात म्हणाला, "रेमंडने लक्षात ठेवलं." मग वाडीत गेला आणि अंधार पडेपर्यंत केळींना पाणी घालत राहिला. सकाळीच घातलं होतं.

माझा एकच प्रश्न आहे. कॅमेरा कुठे ठेवलास? सगळा वेळ तो पाहुण्यांमध्ये उभा आहे, हसणाऱ्यांच्या बाजूला. नवरदेवाजवळ तो एकदाही गेला नाही.

उर्सुलामावशी


अंधेरी,
१५ मार्च २०२३

प्रिय मावशी,

तुझं पत्र आलं त्या दिवशी पुण्यात सगळे शो हाउसफुल होते. पत्रकार म्हणतायत, इतक्या वर्षांत असा निखळ विनोद झाला नाही. लहान पोरं ते वाक्य म्हणत फिरतायत. आणि माझ्या मावशीचा प्रश्न काय, तर कॅमेरा कुठे होता.

मी गाव बदललं, नावं बदलली. मामाला सोडून गेलेल्या सेलिनचं नाव कुठे आहे त्यात? मामाचं आहे? आणि ती गोष्ट मामानेच मला सांगितली. 'सामायिक बेल' पडला तेव्हा मी राजोडीला येऊन पडलो होतो, आठवतंय? त्याने मला किनाऱ्यावर नेलं आणि स्वतःच्या लग्नाच्या दिवसाचं सगळं सांगितलं. "बघ, मी पन पडलो होतो. उठलो की नाय?" सांगताना तो हसत होता, मावशी. मीही हसलो. त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाटलं की आपण पुन्हा लिहू शकू. मग मी ते लिहिलं. यात चोरी कुठे झाली?

खरं सांगू? ज्या सिनेमाला कोणी गेलं नाही तो तुला थोर वाटतो. हॉल भरला की तुझं मन उठतं. 'सामायिक बेल'नंतर मला कोणी उभं करत नव्हतं. तू तीन पानी कौतुक पाठवलं होतंस, ते मी अजून जपून ठेवलंय. पण त्याने काम मिळालं नाही.

मामा फोन उचलत नाहीये. रागावलाय का? विचारून सांग.

रेमंड


राजोडी,
२१ मे २०२३

रेमंड,

उत्तराला उशीर केला, कारण तू जे लिहिलंस त्यात थोडं खरं होतं आणि ते मला पचवायचं होतं. गर्दीला आवडलेलं मला लवकर आवडत नाही. शाळेत मुलांनी एकदम हात वर केले तरी मला संशय यायचा.

पण आता ऐक. मामा रागावलेला नाही. रागावला असता तर मी निश्चिंत झाले असते. आगाशीच्या बाजारात तो केळी घेऊन बसतो, तिथे कॉलेजची पोरं येऊन "वाजवा रं!" ओरडतात आणि पळतात. गाव तो दिवस विसरलं होतं. पस्तिशीच्या आतल्या कोणाला तो ठाऊकही नव्हता. तू सगळ्यांना आठवण करून दिलीस.

गेल्या आठवड्यात गावातल्या ॲल्रॉयच्या लग्नात नवऱ्याच्या मित्रांनी सॅन्टनला उचलून स्टेजवर नेलं आणि हातात माइक दिला. "ओरिजिनल नवरदेव! काका, डायलॉग!" सगळा मांडव टाळ्या वाजवत होता. मला वाटलं, तो माइक टाकून उतरेल. तो उतरला नाही. त्याने ते वाक्य म्हटलं. लोकांनी पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा म्हटलं, तुझ्या नटासारखं, हात वर करून. घरी आल्यावर मी विचारलं, का म्हणालास? म्हणाला, "लग्नघरात कशाला कोनाचा विरस?"

म्हणून आता तुला सांगते, त्याने किनाऱ्यावर काय सांगितलं नाही ते. मी तेव्हा चर्चच्या दाराशी उभी होते आणि माझे कान शाबूत होते.

सेलिन सकाळीच निघून गेली होती. तिचे वडील, फ्रान्सिसकाका, एकटेच आले, सूट घालून, ही बातमी द्यायला. त्यांना ती देता आली नाही. ते चर्चच्या पायरीवर बसले आणि रडायला लागले. लहान पोर रडतं तसं, मोठ्याने. इतका मानी माणूस, त्यांच्यासमोर कोणी आवाज चढवत नसे. मांडवातले लोक माना वळवून त्या बाजूला निघाले होते. तेव्हा सॅन्टन बँडवाल्यांकडे गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "वाजवा. जेवन थंड होते." बँडमास्तर म्हणाला, नवरी? सॅन्टन म्हणाला, "जोरात वाजवा." आणि तो स्वतः पुढे चालायला लागला. सगळं गाव त्याला हसत त्याच्या मागून मांडवात गेलं. काकांचं रडणं कोणी ऐकलं नाही.

तुला वाक्य मिळालं. ते कशासाठी होतं, ते मिळालं नाही.

रात्री त्याने मला बजावलं होतं, "हे कोनाला सांगू नको. सेलिनला तर नकोच." काका नंतर जन्मभर तिच्याशी बोलले नाहीत. तिला वाटतं, बापाला फक्त राग होता. आता ती आगाशीला मुलाकडे असते, नवरा वारला. रविवारी चर्चमध्ये मिस्सानंतर ती आणि सॅन्टन एकमेकांना मान हलवून जातात. एवढंच त्यांचं बोलणं.

इतकी वर्षं मी हे सांगितलं नाही. आज रागाने सांगितलं. तुझ्यापाशीच राहू दे.

उर्सुलामावशी


अंधेरी,
४ जून २०२३

प्रिय मावशी,

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस घराबाहेर पडलो नाही. तू म्हणालीस ते खरं आहे, कॅमेरा चुकीच्या जागी होता. माझ्यासमोर एक माणूस उभा होता आणि मी त्याच्या सुटाकडे बघून हसलो.

मला हे दुरुस्त करायचंय. निर्मात्याला माझ्याकडून लगेच पुढचा सिनेमा हवाय. तो म्हणेल ते न करता मी हा करीन. तोच दिवस, पण खरा. पायरी, सासरा, बँड. एकही ढोलात शिरणारा माणूस नाही. ज्या लोकांनी मामाला हसून घेतलं त्यांना कळू दे, ते कोणाला हसले.

तू म्हणशील, तुझ्यापाशी राहू दे म्हटलं होतं. हो, म्हटलं होतंस. पण असं सांगून ठेवल्यावर मी काय करू? मीही एखाद्या पुरुषाला साडी नेसवू?

तू हो म्हटल्याशिवाय मी एक ओळ लिहिणार नाही. मामाला तू विचार. माझा फोन तो अजून घेत नाही.

तुझा,
रेमंड


राजोडी,
२ जुलै २०२३

प्रिय रेमंड,

तुझं पत्र मी पुष्कळदा वाचलं. सॅन्टनला विचारायचं म्हणून तीन वेळा वाडीत गेले आणि भोपळ्याचं बोलून परत आले. त्याला विचारलं तर तो नाही म्हणेल. बाजारात पोरं अजून ओरडतात, आणि तो हसून हात वर करतो. मला ते बघवत नाही.

लिही. मी हो म्हणते. सिनेमा पूर्ण झाला की त्याला एकदमच दाखवू, म्हणजे त्याला नाही म्हणायला जागा राहणार नाही. सेलिनची काळजी नको. ती सिनेमाला जाणाऱ्यांतली नाही, आणि नावं तू बदलशीलच.

लिहिणार असशील तर नीट लिही. काका वरच्या पायरीवर बसले नव्हते, तिसऱ्या पायरीवर बसले होते, वर चढवलंच नाही त्यांना. रुमाल खिशात होता, पण तो काढायचं त्यांना सुचलं नाही, कोटाच्या बाहीने तोंड पुसत होते. सॅन्टन बँडवाल्यांकडे जाण्याआधी काकांच्या अगदी जवळून गेला आणि त्यांच्याकडे मुद्दाम पाहिलं नाही. हे न पाहणं दाखवता आलं तर दाखव. मांडवात गेल्यावर त्याने स्वतः पहिलं ताट वाढून घेतलं आणि सगळ्यांसमोर जेवला, म्हणून बाकीचे बसले.

आणि कॅमेरा पायरीपाशी ठेव. खाली, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर.

हे लिहिताना मला फार बरं वाटतं आहे. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या सिनेमांना नावं ठेवली. आपल्या हातून एक चांगला व्हावा असं कोणाला वाटत नाही?

उर्सुलामावशी


अंधेरी,
३० नोव्हेंबर २०२४

प्रिय मावशी,

'मांडवापर्यंत' उतरला. एक आठवडा. विरारला तर चार दिवसच होता. निर्माता म्हणाला, "लोक 'वाजवा रं' ऐकायला आले होते, तू त्यांना मयतीला बसवलंस." एका पत्रकाराने लिहिलं, दिग्दर्शकाचा विनोद हरवला.

पण मला, खरं सांगतो, वाईट वाटत नाहीये. मी तो पहिल्यांदाच स्वतःच्या मनासारखा केला. न पाहता जवळून जाण्याचा शॉट आम्ही दिवसभर घेत होतो. संध्याकाळी नटाला तो जमला, तेव्हा युनिटमधला लाइटवाला काशीराम डोळे पुसत होता. तो कधी माझ्या विनोदावर हसलेला नाही.

तुला तिकिटं पाठवली होती, गेली होतीस का? तुझं काहीच आलं नाही. मामाला दाखवलास का? त्याला कसा वाटला? सिनेमा पडला याचं सांत्वन नको. मत हवंय.

तुझा,
रेमंड


राजोडी,
१२ जानेवारी २०२५

रेमंड,

मत मागितलं आहेस, म्हणून लिहिते.

मी दुसऱ्या दिवशीच्या दुपारच्या शोला गेले, एकटी. आधी आपण बघावा आणि मग सॅन्टनला न्यावं, असा विचार होता. हॉलमध्ये पाच-सात माणसं असतील. यंत्र काढून ठेवलं. पायरीचा सीन आला तेव्हा मला काकांचं रडणं ऐकू आलं. जिथे ठेवायला सांगितलं होतं तिथेच तू कॅमेरा ठेवलास. मी अभिमानाने फुलून गेले होते.

दिवे लागले. सगळे उठले, पण पुढे एक बाई बसूनच होती. शेजारी तिचा मुलगा तिला उठवत होता. तो रायन होता, सेलिनचा मुलगा. 'नवरदेव हजर'मध्ये तू नवरी जशी रंगवली होतीस, त्यावरून लोक त्यालाही बोलायचे. या वेळी नवरीवर चिखल नाही असं त्याने कुठे तरी वाचलं आणि आईला मुद्दाम घेऊन आला. मी दुसऱ्या दाराने बाहेर पडले. तिने मला पाहिलं नाही, असं मी स्वतःला सांगत होते.

चौथ्या दिवशी ती आमच्याकडे आली. लग्न ठरलं होतं तेव्हा येऊन गेली होती, त्यानंतर या घरात पहिल्यांदाच. सॅन्टन ओट्यावर पानं निवडत बसला होता. तो उठून उभा राहिला. मी समोरच होते, दोघांचे ओठ मला दिसत होते.

"बाबा रडले होते?" तिने विचारलं.

"नाय गं," सॅन्टन म्हणाला. "सिनेमात दाखवतात तसं."

"पायरीवर बसले होते?"

"नाय. ते आले, सांगितलं, आन गेले. रागात होते."

त्याने एवढं सरळ तोंड करून सांगितलं की मी परकी असते तर विश्वास ठेवला असता. मग ती माझ्याकडे वळली. "उर्सुलाताई, तुम्ही होतात ना तिथे? तुम्ही सांगा."

मी बत्तीस वर्षं वर्गात उभी राहिले. उत्तर येत असूनही गप्प बसणारं पोर मला लगेच ओळखू यायचं. सेलिननेही मला तसंच ओळखलं. उत्तर देण्याआधी मी सॅन्टनकडे पाहिलं, आणि तेवढं तिला पुरलं.

ती रडली नाही. म्हणाली, "ते गेले तेव्हा मी कब्रस्तानाच्या फाटकाबाहेर उभी होते. आत गेले नाही. वाटलं, मी आलेली त्यांना चालणार नाही." मग पदर नीट केला, सॅन्टनला म्हणाली, "तुम्ही एवढी वर्षं सांभाळलंत," आणि निघाली. सॅन्टन फाटकापर्यंत तिच्याबरोबर गेला. तिथे काय बोलले, मला कळलं नाही.

परत आल्यावर त्याने एकच विचारलं, "रेमंडला कोनी सांगितलं?" मी म्हणाले, मी. त्याने मान हलवली, जशी बाजारात गिऱ्हाइकाला हलवतो. तेव्हापासून तो माझ्याशी भांडलेला नाही. भाजी आणून देतो, माझी औषधं आणतो. मात्र जेवायचं ताट घेऊन वाडीतल्या खोपीत जातो. नाताळच्या दिवशीही तिथेच जेवला. बाजारात पोरं ओरडली तर आता हात वर करत नाही. केळी विकायला दुसऱ्याला पाठवतो.

सेलिन आमच्या मिस्साला येत नाही. दुसऱ्या चर्चला जाते म्हणे. मान हलवण्याइतकं जे दोघांचं होतं, तेही संपलं.

तू विचारलंस, मामाला कसा वाटला. त्याने पाहिला नाही आणि पाहणार नाही. 'नवरदेव हजर'ने त्याची थट्टा झाली, ती त्याने सोसली, कारण त्या थट्टेखाली काकांचं रडणं अजून झाकलेलं होतं. पहिल्याच दिवसापासून तो ते हसणं अंगावर घेत होता. मला ते कळायला हवं होतं, मी त्याची बहीण आहे. मी बघत होते कॅमेऱ्याकडे.

सगळा दोष तुझ्यावर टाकून मोकळी होणार नाही. तू विचारलं होतंस, आणि मी त्याला न विचारता हो म्हटलं. पण यापुढे पेनड्राइव्ह पाठवू नकोस. मतं देण्याचं माझं संपलं. हे शेवटचं.

सिनेमा चांगला आहे. तू केलेल्यांत सगळ्यात चांगला आहे, आणि लोकांनी तो पाहिला नाही ही लोकांची चूक आहे. त्यातलं एकही दृश्य मी बदलायला सांगणार नाही.

झाला नसता तर बरं झालं असतं.

उर्सुलामावशी